एका शिफारसपत्राचे दोन उमेदवार

स्वतःची स्तुती मराठीत करण्यापेक्षा इंग्रजीत करणं सोपं जातं, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. मराठीत ‘मी हुशार आहे’ असं लिहायला घेतलं की आई मागे येऊन उभी राहिल्यासारखं वाटतं. इंग्रजीत, तेही ‘मी’च्या जागी ‘ही मुलगी’ घालून आणि खाली दुसऱ्याची सही येणार म्हटल्यावर, काय वाटेल ते लिहिता येतं. तरीसुद्धा मला माझ्याच शिफारसपत्राला तीन संध्याकाळी लागल्या. त्या तीन संध्याकाळी मी कधी नव्हते एवढी खुशीत होते, आणि म्हणूनच त्यांची आठवण आली की आजही माझं डोकं फिरतं.

साठ-एकसष्ट साल असेल. आम्ही बंगळूरला मल्लेश्वरमात भाड्याच्या घरात राहत होतो. मूळचे बेळगावकडचे. वडिलांना इथल्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी लागली तेव्हा मी शाळेत होते. वडिलांना मी अण्णा म्हणायची. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि अण्णांना राग आला की घरातसुद्धा कन्नड, असा आमचा भाषेचा कारभार होता.

बी. ए. झाल्यावर मी टायपिंग आणि शॉर्टहँड शिकले आणि चामराजपेटेतल्या एका वकिलांच्या ऑफिसात कामाला लागले. वकील आमच्याच गावाकडचे, आईचे मानलेले भाऊ. आई त्यांना दर भाऊबीजेला ओवाळायची, म्हणून ते माझे मामा. ऑफिसात मी त्यांना ‘सर’ म्हणायची, घरी आले की ‘मामा’. ऑफिस म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. लाल गुळगुळीत जमीन, काचेची कपाटं, एक टाइपरायटर, मी, आणि एक म्हातारे गुमास्ते. गुमास्ते म्हणजे वकिलाचा कारकून. कोर्टातून तारखा आणणं, पक्षकारांना गोड बोलून बसवून ठेवणं आणि मी नसले तर दोन बोटांनी ठोकठोक टाइप करणं, ही त्यांची कामं.

त्या ऑफिसची एक रीत होती. मामा स्वतः कधीच काही लिहीत नसत. नोटीस असो, दावा असो, कैफियत असो, कच्चा मसुदा दुसऱ्यानं करायचा, मामांनी त्यावर नजर फिरवायची आणि सही ठोकायची. मसुदा चांगला जमला की त्याची कार्बन कॉपी एका जाड निळ्या फायलीत जायची. पुढच्या वेळी तसंच प्रकरण आलं की ती कॉपी काढायची, नावगाव बदलायचं आणि पुन्हा टाइप करायचं. एकाच नोटिशीवर आम्ही कितीतरी भाडेकरू घाबरवले होते. ती निळी फाइल मीच लावली होती. पहिल्या पानावर अनुक्रमणिकासुद्धा केली होती, इतकी मला तिची हौस.

या सगळ्यात राहून मला वकील व्हायचं वेड लागलं. दुसऱ्याच्या सहीसाठी लिहिण्यापेक्षा आपल्याच सहीसाठी लिहावं, एवढी साधी गोष्ट. पण नोकरी सोडायची नाही ही घरची अट, आणि नोकरी करणाऱ्यांसाठी कायद्याच्या कॉलेजात एकच सकाळचा वर्ग. त्यात जागा मोजक्या. शिवाय आईनं मला तेविसावं लागायच्या आत माझ्या लग्नाचं बघायचं ठरवलं होतं, तसं ती उघड बोलायची. म्हणजे त्या वर्षी जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर माझी पत्रिका घरोघर फिरणार. हे मला पक्कं ठाऊक होतं.

अण्णा माझ्या बाजूचे होते. अर्ज त्यांनीच आणला. कारखान्यातून सुटल्यावर वाट वाकडी करून कॉलेजात गेले, रांगेत उभे राहिले आणि फॉर्मची घडी मोडू नये म्हणून नकाशांच्या गोल डब्यात घालून घरी घेऊन आले. “घरात एक तरी काळा कोट पाहिजे,” असं ते आल्यागेल्याला सांगत. मला त्या वाक्यानं गुदगुल्या व्हायच्या.

फॉर्मसोबत एक शिफारसपत्र लागत होतं, उमेदवाराचं काम जवळून बघितलेल्या वकिलाचं किंवा मोठ्या सरकारी अधिकाऱ्याचं. मी मामांकडे गेले. ते झोपाळ्यावर बसून पान जुळवत होते.

“शिफारस पाहिजे काय? मग लिहून आण की गे तूच,” ते म्हणाले. “मला कुठं वेळ आहे? तू लिही, मी सही करतो. काय पाहिजे ते लिही, भिऊ नको.”

मला यात काही वावगं वाटलं नाही. त्या ऑफिसात देवाला पत्र लिहायचं असतं तरी ते मीच लिहिलं असतं.

पहिल्या संध्याकाळी लिहिलं ते इतकं नम्र झालं की वाचून कुणीही मला झाडू मारायच्या कामावरसुद्धा ठेवलं नसतं. ‘नियमित’, ‘आज्ञाधारक’, ‘वेळेवर येते’. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं आणि म्हणाले, “हे तू घोड्याबद्दल लिहिलंयस की स्वतःबद्दल?”

दुसऱ्या संध्याकाळी मी चिडून लिहिलं. त्यात मी इतकी थोर झाले की अण्णा हसता हसता खोकू लागले. “आता स्थळासाठी लिहिल्यासारखं झालं. अगं, एक तरी खरी गोष्ट घाल की. दुसऱ्या कुणाकडं नसेल अशी. मोडीचं घाल.”

मला मोडी वाचता येते. जुने मराठी कागद ज्या गाठी मारलेल्या अक्षरांत असतात ती लिपी. अण्णांना ती त्यांच्या वडिलांनी शिकवलेली आणि मला अण्णांनी, रविवारी जेवणानंतर, जुन्या सावकारी कागदांवर. शाळेतल्या मैत्रिणी लालबागेत जायच्या आणि मी इथे ‘अ’ कुठे संपतो आणि ‘ब’ कुठे सुरू होतो ते शोधत बसायची. त्या वेळी अण्णांचा राग यायचा. पुढे मामांच्या ऑफिसात त्याचा उपयोग झाला. उत्तरेकडच्या एका कुटुंबाचा वाटणीचा दावा आला होता, त्यात मोडीतलं एक खरेदीखत होतं. मामांनी कुणाकडून तरी ते वाचून घेतलं होतं आणि जमिनीची पूर्वेची हद्द विहीर धरून दावा तयार केला होता. मी टाइप करता करता मूळ कागद बघितला, तर पूर्वेला विहीर नव्हती, तळ्याचा बांध होता. दोन्हींमध्ये पाच-सहा एकरांचा फरक. दावा तसाच दाखल झाला असता तर मामांची चांगलीच फजिती झाली असती.

तिसऱ्या संध्याकाळी मी हे लिहिलं. ‘जुने मोडी दस्तऐवज ही उमेदवार कुणाच्याही मदतीशिवाय वाचते, आणि एकदा त्यायोगे तिनं मला एका गंभीर चुकीपासून वाचवलं आहे.’ इंग्रजीत हे वाक्य फार छान उतरलं होतं. अण्णांनी त्यातला एक शब्द खोडून दुसरा घातला, तो जास्त बरोबर होता. मग त्यांनी पत्र मोठ्यानं वाचलं, आईला मराठीत करून सांगितलं, आणि म्हणाले, “आता कोण नाही म्हणतो बघू.” त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मामांनी पत्र वाचलं. ‘गंभीर चूक’पाशी थांबले, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. “माझी चूक, माझ्याच कागदावर, माझ्याच सहीनं? भले शाब्बास!” असं म्हणाले, हसले आणि सही केली. “चांगलं लिहिलंयस. एक कॉपी फायलीला लाव.”

मी लावली. अनुक्रमणिकेत नोंदसुद्धा केली. मार्कांचा दाखला यायचा होता, म्हणून अर्ज मात्र आठवड्यानं दिला.

मुलाखतीचं बोलावणं पंधरवड्यानं आलं. जुलै महिना, बंगळूरची ती झिमझिम आणि गार वारा. मी आईची जांभळी इरकल नेसून, वर स्वेटर घालून गेले. प्रिन्सिपॉल हे एक उंच, कृश, कमी बोलणारे गृहस्थ होते. इंग्रजीतच बोलायचे. मी नमस्कार केला. त्यांनी बसायला सांगितलं नाही. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे फिरवले.

डावीकडचं माझं पत्र होतं. उजवीकडचंही माझंच पत्र होतं, पण नाव दुसऱ्याचं. मुलाचं नाव. ‘ती’चा ‘तो’ झाला होता, बाकी एक स्वल्पविरामसुद्धा बदललेला नव्हता. तोही जुने मोडी दस्तऐवज कुणाच्याही मदतीशिवाय वाचत होता. त्यानंही मामांना एका गंभीर चुकीपासून वाचवलं होतं. अण्णांनी घातलेला शब्द जागच्या जागी होता. काही अक्षरं काळीभोर, काही पुसट, म्हणजे गुमास्त्यांनी दोन बोटांनी टाइप केलेलं. खाली मामांची तीच सही, शेपूट वर वळवलेली.

नाव मी ओळखलं. मामांचा भाचा. सख्ख्या बहिणीचा मुलगा, हुबळीचा, तिसऱ्या वर्गात बी. ए. झालेला. नुकताच मामांकडे राहायला आला होता. मी त्याला दोनदा बघितलं होतं, दोन्ही वेळा तो पेपरात तोंड घालून उप्पीट खात होता. मोडी सोडा, त्याला टपालावरचा पत्तासुद्धा कुणी वाचून दाखवावा लागत असेल, असा त्याचा चेहरा.

“हे पत्र तुमच्या पत्राच्या चार दिवस आधी आलं,” प्रिन्सिपॉल म्हणाले. “मी वकिलांना फोन केला होता. त्यांना नक्की आठवत नाही. ऑफिसातलं टायपिंग तुमच्या हातात असतं, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.”

मला मामांचा आवाज ऐकू येत होता. गोड, जरा दमलेला, पान गालात धरलेला. ‘आठवत नाही.’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. केसानं गळा कापणं कशाला म्हणतात ते मला त्या क्षणी समजलं. त्यांना मला चोर ठरवायचं होतं, पण त्यासाठी त्यांनी स्वतःचं तोंड वाईट करून घेतलं नाही.

आणि पेच असा, की पत्र माझं आहे हे सांगायचं तर माझी शिफारस मीच लिहिली हेही सांगावं लागणार. न सांगावं तर मी चोर. मी सगळं सांगून टाकलं. ऑफिसची रीत, निळी फाइल, तीन संध्याकाळी.

प्रिन्सिपॉलनी चष्मा काढून पुसला. “माझ्याकडे अशी ढीगभर पत्रं आली आहेत. सही करणाऱ्यानं त्यातली किती लिहिली, हे मला कळत नाही असं समजू नका. त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणणार नाही. पण दोन पत्रं सारखी आली की दोघांतला एक जण चोर असतो, आणि चोर मला या वर्गात नको.”

“त्याला मोडी वाचायला लावा, सर.”

“त्याची मुलाखत झाली. घरी शिकलो म्हणाला. मला मोडी येत नाही, कॉलेजात कुणालाच येत नाही. त्यानं काहीही वाचून दाखवलं तरी मी मान डोलावणार.” मग थोडा विचार करून त्यांनी विचारलं, “तुम्हाला हे पत्र लिहिताना कुणी बघितलंय?”

“माझ्या वडिलांनी. त्यांनी त्यातला एक शब्दसुद्धा बदललाय.”

“मग उद्या अकराच्या आत त्यांना घेऊन या. माझ्यासमोर त्यांनी एवढंच सांगायचं, की हे माझ्या मुलीनं माझ्यादेखत लिहिलं. मी मानीन.”

मी बाहेर आले ती जवळजवळ पळतच. रडू येत होतं, पण ते रागाचं होतं, जागा जाण्याचं नव्हतं. जागा माझीच होती. अण्णा येणार, दोन वाक्यं बोलणार, आणि मामांचं पितळ उघडं पडणार. मी मनात सगळं रचून टाकलं. अण्णांनी कुठला कोट घालावा इथपर्यंत माझा विचार झाला होता. मामांच्या ऑफिसात मी गेलेच नाही. म्हटलं, आता जायचं ते अण्णांना बरोबर घेऊन.

कारखान्याची बस संध्याकाळी साडेपाचला आमच्या रस्त्याच्या तोंडाशी थांबायची. मी पाच वाजल्यापासून तिथे उभी. अण्णा उतरले, हातात डबा, बगलेत छत्री. मला बघून चपापले. मी चालता चालता सगळं एका दमात सांगितलं. ते ऐकत होते. मध्येच फुलवालीपाशी थांबले, आईसाठी मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा घेतला. मग भाजीवाल्याकडे वळले. त्याच्याशी कन्नडात, “स्वल्प चांगलं बघून दे रे,” म्हणत घेवड्याची एकेक शेंग मोडून बघायला लागले. मला राहवेना.

“अण्णा, अहो उद्या अकराच्या आत. रजा टाकावी लागेल तुम्हाला.”

“ऐकलं,” ते म्हणाले.

पुढे मारुतीच्या देवळाबाहेर दगडी कट्टा होता. अण्णा त्यावर बसले. घरी जायला चार मिनिटं उरली असताना कट्ट्यावर बसायचं काय कारण, ते मला समजेना. त्यांनी डबा एका बाजूला ठेवला, घेवड्याची पिशवी दुसऱ्या बाजूला ठेवली आणि छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली.

“माझ्यानं व्हायचं नाही ते,” ते म्हणाले.

“रजा मिळत नाही?”

“रजेचं नाही. तुझ्या मामांनी मला विचारलं होतं. मीच म्हणालो, द्या म्हणून.”

मी उभीच होते. समोरून एक टांगा गेला, त्यातली बाई माझ्याकडे बघत होती, एवढं मला आठवतं. अण्णांना मी तीनदा तरी विचारलं असेल, काय द्या म्हणालात, कुणाला द्या म्हणालात. कळलेलं होतं, तरी विचारत होते.

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीपासून त्यांचं आणि मामांचं बोलणं चाललं होतं. त्या भाच्याचं आणि माझं. मामांना मूलबाळ नाही, वकिली पुढे त्याच्याच हातात जाणार. आईलाही मुलगा पसंत होता. माझ्या कानावर घालायचं ते माझा वाढदिवस झाल्यावर घालणार होते. पण मुलगा वकील व्हायला हवा, आणि त्याचे मार्क असे, की भारी पत्राशिवाय त्याला दारातसुद्धा उभं केलं नसतं. मामा म्हणाले, पोरीनं झकास लिहिलंय, तेच घालू काय? अण्णा म्हणाले, घाला.

“अगं, पत्र काय, घरातच राहिलं की,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज समजुतीचा होता, मी लहानपणी आजारी पडले की असायचा तसा. “ज्या ऑफिसात तू टाइप करत बसतेस, त्या ऑफिसची तू मालकीण होणार. मग काय पाहिजे ते लिही. तुला जागा मिळाली असती तर मिळू दे म्हटलं होतं मी. दोघांनाही मिळाली तर उत्तमच. तुझ्या आड कुठं आलो?”

“मग मला अर्ज कशाला आणून दिलात?”

“तुझी हौस होती.”

“घरात काळा कोट पाहिजे म्हणायचात.”

“येतच होता की,” अण्णा म्हणाले.

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मामा मानलेले, त्यांनी सख्ख्या भाच्याकडे ओढलं, एवढं मी एक वेळ गिळलं असतं. पण त्या तिसऱ्या संध्याकाळी माझं पत्र मोठ्यानं वाचणारा माणूस, एकेका शब्दाचा कस लावणारा, ‘आता कोण नाही म्हणतो बघू’ म्हणणारा, तो कुणासाठी वाचत होता? मी विचारलंसुद्धा. त्या वेळी तुम्हाला माहीत होतं का? ते म्हणाले, नाही, मामांनी नंतर विचारलं. मी विश्वास ठेवला नाही. आजही ठेवत नाही, आणि खोटं असेल असंही छातीठोक सांगता येत नाही. हे असं अधांतरी राहिलेलं सगळ्यात जास्त छळतं.

“त्यांना मी बजावलं होतं,” अण्णा छत्रीच्या टोकानं माती उकरत म्हणाले, “मोडीची ओळ तेवढी काढा. त्या म्हाताऱ्यानं नुसतं नाव बदललं. नाहीतर हे एवढं झालंच नसतं.”

त्यांना हळहळ वाटत होती ती त्या ओळीची.

मी पिशवी उचलली. तशी ते उठता उठता म्हणाले, “उद्या तू जा आणि सांगून टाक. त्याचं पत्र बघून तू तसं टाइप केलंस, चूक झाली. साहेब भला माणूस दिसतो, सोडून देईल. त्याचं तरी वर्ष वाचेल.”

“आणि माझं?”

अण्णांनी डबा उचलला, छत्री बगलेत मारली आणि चालू लागले. घरापर्यंत आम्ही दोघं पाठोपाठ चाललो, ते पुढे आणि मी मागे. आईनं गजरा माळला आणि विचारलं, कशी झाली मुलाखत. मी म्हटलं, छान झाली.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला मी एकटी प्रिन्सिपॉलसमोर उभी राहिले. त्यांनी माझ्या मागे दाराकडे बघितलं.

“वडील?”

“येणार नाहीत, सर.”

“मग मी काय समजू?”

रात्रभर मी यावर बरंच रचलं होतं. अण्णांना कारखान्यातून रजा नाही, अण्णा आजारी आहेत, एक दिवस द्या. ऐन वेळी त्यातलं काही तोंडातून निघेना. मी म्हटलं, “पत्र मी लिहिलंय. माझ्या वडिलांना ते ठाऊक आहे आणि ते सांगायला येणार नाहीत. कारण आमच्या घरातलं आहे. तुम्हाला ठरवता येत नसेल तर दोन्ही पत्रं बाजूला काढा, सर. दोघांचीही.”

“तुमचं वर्ष जाईल.”

“जाऊ दे. त्याचंही जाईल.”

त्यांनी दोन्ही पत्रं एका टाचणीत अडकवून खणात टाकली आणि दोघांच्या अर्जांवर लाल शाईनं काहीतरी लिहिलं. मला थोडी आशा होती, की ते माझी बाजू घेतील, निदान एखादा प्रश्न तरी विचारतील. त्यांनी घंटी वाजवली आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. मी ही हकीगत सांगते तेव्हा लोक म्हणतात, काय बाणेदार वागलीस. बाणेदारपणा कसला? माझ्या पानातलं मला मिळत नाही म्हटल्यावर मी पानच उधळलं. घरी जाताना बसमध्ये मी इतकी रडले की कंडक्टरनं तिकीट मागायचं सोडून दिलं.

मामांच्या ऑफिसात मी परत गेले नाही. त्यांनी निरोप पाठवला, पोरीनं पोराचं वाटोळं केलं. अण्णांनी तो निरोप मला जसाच्या तसा सांगितला आणि त्यावर स्वतः काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांनाही तसंच वाटत होतं. त्या मुलाशी मी लग्न करणार नाही, हे मी एकदाच सांगितलं आणि मग आईशी त्या विषयावर वाद घालायला नकार दिला. मल्लेश्वरमातल्याच एका टायपिंग क्लासात शिकवायला लागले. अण्णांशी बोलणं बंद केलं असं नाही. चहा झाला का, पोस्टमन आला का, दिवे गेले का, असं सगळं बोलत होतो. मोडीचे कागद माळ्यावरच्या ट्रंकेत गेले ते कुणी काढले नाहीत.

पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा फॉर्म आणला, स्वतः जाऊन. शिफारसपत्र समोरच्या घरातल्या एका निवृत्त मुन्सफांकडे मागितलं. मी म्हटलं, काका, मी लिहून आणू का? ते भडकले. “शिफारस मी करणार आणि लिहिणार तू? सरी आहे, बरं आहे!” त्यांनी माझ्यासमोर बसून, थरथरत्या हातानं, तीन ओळी लिहिल्या. त्यातली एक माझ्या हस्ताक्षराविषयी होती. माझ्या पत्रापुढे ते काहीच नव्हतं. त्या तीन ओळींवर मला जागा मिळाली.

तो फॉर्म भरायला बसले होते तेव्हा रविवार होता. अण्णा समोरच्या खुर्चीवर होते, पेपर वाचत. माझ्या शाळेपासूनच्या प्रत्येक फॉर्मवर त्यांची सही आहे, ड्राफ्ट्समनची ठाशीव, एका रेषेतली. मी नाव घातलं, जन्मतारीख घातली, पत्ता घातला. पेपराची घडी झाल्याचा आवाज आला. वर न बघताही मला दिसत होतं, की त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि ते हात पुढे करून बसले आहेत. शेवटचा रकाना ‘पालकाची सही’ असा होता. मी तिथे माझीच सही केली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.